फिल्म धरणारं बोट

"दाब," मगदूम डॉक्टर म्हणाले.

मी दाराबाहेर भिंतीआड उभी होते. हातात एक्स-रे मशीनचं बटण आणि त्याची वेटोळ्यांची वायर चौकटीवरून आत गेलेली. आत खुर्चीत दस्तगीर मुजावर आ वासून बसला होता. त्याच्या वरच्या दाढेत सुईसारख्या बारीक तीन फाइल घातलेल्या होत्या, टाळूला पोस्टाच्या तिकिटाएवढी फिल्म टेकवलेली होती आणि ती फिल्म हलू नये म्हणून आतून दाबून धरलेलं होतं डॉक्टरांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट.

"हेमा, दाब."

"नाही," मी म्हणाले.

मुंबईहून दंतवैद्यक शिकून आल्यापासून तीन वर्षं मी त्या दवाखान्यात होते. तोवर डॉक्टरांना मी "नाही" म्हटलेलं मला तरी आठवत नाही. तसं तोंड मला कमी नव्हतं. तासगावच्या बाजारात आमच्या आईशी हुज्जत घालायला भाजीवाल्या घाबरायच्या, आणि मी तिचीच मुलगी. पण मगदूम डॉक्टरांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटायची. माणूसच तसा होता.

जयसिंगपुरात सातव्या गल्लीत त्यांचा दवाखाना, वर राहतं घर. नाव बाबगोंडा मगदूम, वय तेव्हा त्रेसष्ट. एक्क्याण्णव सालातली ही गोष्ट आहे. आसपासच्या गावांत तेव्हा दात दुखला की उपटायचा, एवढीच रीत होती. मगदूम डॉक्टर उपटायच्या विरुद्ध. "दात काढायला पक्कड असलेला कुणीही चालतो," ते म्हणायचे, "राखायला डॉक्टर लागतो." किडलेल्या दाताच्या मुळातली नस काढून, आतली बारीक नळी साफ करून, ती भरून टाकायची, म्हणजे रूट कॅनॉल, ही त्यांची खासियत होती. शिरोळ, कुरुंदवाड, पार चिकोडीकडची माणसं एस्टीनं यायची.

या कामात डोळ्यांचा फारसा उपयोग नसतो. मूळ असतं हाडाच्या आत. फाइल किती खोल गेली हे कळायला एक्स-रेच काढावा लागतो. ती मुळाच्या टोकाशी थांबली पाहिजे. अलीकडं राहिली तर घाण आतच राहते, पलीकडं गेली तर हाडात टोचते. एका दाढेला तीन-चार फोटो सहज लागायचे, आणि दिवसाला पाच-सहा दाढा.

किरणांबाबत डॉक्टर बेफिकीर होते असं कुणी म्हणू नये. उलट त्यांच्याइतका जपणारा माणूस मी त्या काळात पाहिला नाही. शिशाचा जाड एप्रन पेशंटच्या गळ्याखाली बांधल्याशिवाय मशीनला हात लावायचे नाहीत. बाई पेशंट असली की स्वतः बाहेर जायचे आणि मला विचारायला लावायचे, दिवस गेलेत का म्हणून. बटणाची वायर आखूड होती, ती इलेक्ट्रिशियनकडून वाढवून घेतली, का तर दाबणारा भिंतीआड उभा राहिला पाहिजे. माझ्याआधी अकरा वर्षं काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी पद्मावती, ते बटण दाबायच्या. त्यांच्यासाठीच वायर वाढवलेली होती. सगळ्यांचा जीव जपणारा हा माणूस स्वतःचं बोट मात्र दर फोटोला किरणांच्या वाटेत धरायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

त्याच्या वर्षभर आधी मी मुंबईहून प्लास्टिकचे होल्डर आणले होते. पेशंटनं तो चावून धरायचा, फिल्म आपोआप जागेवर राहते. डॉक्टरांनी ते उलटेपालटे करून बघितले, दोन पेशंटांवर वापरून बघितले. एकाला ओकारी आली, दुसऱ्याच्या तोंडात होल्डर घसरला आणि मुळाचं टोकच फोटोत आलं नाही. तीनदा फोटो काढावा लागला.

"आता तूच सांग," डॉक्टर म्हणाले. "माझं बोट असलं की एका फोटोत काम. तुझ्या खेळण्यानं तीन. पेशंटला जास्त किरण कुणामुळं लागले?"

"मग पेशंटनं स्वतःच्या बोटानं धरावी, सर."

"ही माणसं? घाबरून बोट चावतील स्वतःचं."

होल्डर वापरायलाही हाताला वळण लागतं, दहा-वीस वेळा चुकल्यावर जमतं, एवढं साधं उत्तर होतं. ते मला पुढं सुचलं, आणि तेव्हा त्याचा कुणाला उपयोग नव्हता.

त्या बोटाला कायम चिकटपट्टी असायची. कधी फाइल टोचली म्हणून, कधी फिल्म धुवायच्या डेव्हलपरनं कातडी गेली म्हणून. हातमोजे तेव्हा आम्ही फक्त दाढ काढताना घालायचो. पट्टी ओली झाली की ते डार्करूमच्या अंधारात बदलायचे. मला कधी त्यात वावगं वाटलं नाही. कामाच्या माणसाच्या हाताला पट्टी असतेच.

मुजावर आला त्या दिवशी सकाळी मी हात धुवायला बेसिनशी गेले तर डॉक्टर पाठमोरे उभे होते, नळाखाली हात धरून. पट्टी बेसिनच्या काठावर पडलेली. मी जवळ गेले ते त्यांना कळलं नाही आणि मी ते बोट उजेडात पाहिलं. वाळल्या खारकेसारखं ते आक्रसलं होतं. नख उभं चिरलेलं, बाजूची कातडी पातळ, चकचकीत, रेषाच नसलेली. आणि नखाच्या कडेला चामखिळीसारखा एक खडबडीत उंचवटा, त्याच्या मध्यभागी ओली जखम.

"किती दिवस झाले, सर?"

ते दचकले. लगेच फडक्यानं बोट गुंडाळलं. "दिवाळीत लागलं होतं काहीतरी. डेव्हलपरनं भरू देत नाही."

तेव्हा माघ चालू होता. दिवाळी होऊन तीन महिने उलटले होते.

कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आमच्या सरांनी एक स्लाइड दाखवली होती. परदेशातला जुना दंतवैद्य, आयुष्यभर बोटानं फिल्म धरलेला. नखाला चीर, कडेला चामखीळ, न भरणारी जखम. पडद्यावर ते बोट हातभर मोठं दिसत होतं आणि मागच्या बाकांवरची मुलं हसत होती. मीही हसले असेन. आता बेसिनपाशी मात्र तेच बोट माझ्यासमोर फडक्यात गुंडाळलेलं होतं. मी मनाशी ठरवून टाकलं की आज काही झालं तरी हे बोट मी फिल्ममागं जाऊ द्यायची नाही.

ठरवणं सोपं होतं. दुपारी चारला दस्तगीर मुजावर आला, एका गालावर हात ठेवून.

हा गावातल्या ब्रास बँडमधला ट्रंपेटवाला. लग्नसराई ऐन भरात होती आणि वरची दाढ ठणकत होती. "डाक्टरसाब, फुंकलो की कळ डोस्क्यात जातीया," तो म्हणाला. "उद्या कुरुंदवाडात वरात हाय. नवरीचा बाप लई कडक. सूर चुकला तर मलाच घोड्यावर बसवंल आन् गावाभायेर सोडंल."

"दाढ वाचेल का, विचार की आधी," डॉक्टर म्हणाले.

"दाढंचं ऱ्हाऊ द्या, वरात वाचवा."

डॉक्टर पोटभर हसले. सुई दिली, दाढ उघडली, तिन्ही मुळांत फाइल सोडल्या. मी होल्डर पुढं केला. मुजावरनं चावला मात्र, आणि "ऑक्" करून त्याचं सगळं अंग वर उसळलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डॉक्टरांनी माझ्याकडं न बघता होल्डर ट्रेमध्ये ठेवला, फिल्म घेतली आणि बोट आत घातलं. त्या बोटापुढं त्याला ओकारी आली नाही. का कुणास ठाऊक, कुणालाच यायची नाही.

मग ते "दाब" म्हणाले आणि मी "नाही" म्हणाले.

मग त्यांनी फिल्म काढली, मुजावरला "जरा थांब हं" म्हणाले आणि बाहेर माझ्यापाशी आले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी चिडून आणखी ताठ झाले असते. पण ते हळूच म्हणाले, "काय झालं, पोरी?"

"ते बोट शिराळकरांना दाखवा." शिराळकर हे मिरजेतले सर्जन, डॉक्टरांचे हॉस्टेलपासूनचे मित्र. "आजच दाखवा."

"डेव्हलपरनं खाल्लंय गं ते."

"डेव्हलपरमध्ये माझीही बोटं बुडतात, सर. हे बघा." मी दोन्ही पंजे त्यांच्यापुढं धरले. "माझं एक तरी बोट तसं आहे का?"

त्यांनी माझे हात पाहिले. बराच वेळ पाहिले. माझी खात्री आहे, त्या घडीला त्यांना सगळं कळलं होतं.

"आम्हाला कॉलेजात असलं बोट दाखवलं होतं," मी म्हणाले. "त्या माणसाचं बोट काढावं लागलं."

सरांनी पुढंही काही सांगितलं होतं. तो माणूस त्यानंतर दोन वर्षंही जगला नाही. ते मी बोलले नाही. वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडावर असं अभद्र कसं बोलायचं, असं मला वाटलं. आमच्याकडं मरणाचं नाव घेत नाहीत, मरण आलं तरी.

डॉक्टर भिंतीला टेकले. "महावीर जयंती होऊ दे. यंदा मिरवणुकीचं सगळं माझ्याकडं आहे. झाली की दुसऱ्या दिवशी मिरज. शब्द देतो."

"तिला दीड महिना आहे."

"चाळीस वर्षं धरतोय मी फिल्म. दीड महिन्यानं काय होतंय?" मग ते आत बोट दाखवून म्हणाले, "त्याच्या दाढेत तीन फाइल आहेत, हेमा. तशाच ठेवून घरी पाठवू त्याला? की अंदाजानं भरू?"

अंदाजानं भरायचं नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. ते आत गेले. फिल्म लावली, बोट लावलं.

"दाब."

"नाही, सर."

या वेळी माझाच आवाज मला नीट ऐकू आला नाही. मी भिंतीआडून डोकं काढून बघितलं. डॉक्टर माझ्याकडं बघत नव्हते, ते मुजावरकडं बघत होते. आणि मुजावर, त्याला बिचाऱ्याला आमच्यातलं काय माहीत, बाईंना मशीन चालवायचा कंटाळा आलाय असं वाटलं असेल. तोंडात बोट असल्यानं बोलता येत नव्हतं. त्यानं शिशाच्या एप्रनखालून दोन्ही हात बाहेर काढले आणि मला जोडले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात जोडलेले.

मी बटण दाबलं.

मशीन एक सेकंदभर घुरघुरलं. तेवढंच.

डॉक्टरांनी फिल्म धुऊन आणली, ओली असतानाच खिडकीकडं धरली. "बघ. एका फटक्यात." तिन्ही मुळं स्वच्छ दिसत होती. दोन फाइल नेमक्या टोकाशी, तिसरी किंचित अलीकडं. ती पुढं सरकवून पुन्हा फोटो. मग भरताना एक, भरून झाल्यावर एक. त्या दुपारी मी चार वेळा दाबलं. पहिल्यांदा मी डोळे मिटले होते, चौथ्यांदा नाही. सूर्य मावळायच्या आत जेवायचं असा त्यांच्या घरचा नेम होता, त्यामुळं साडेपाचला डॉक्टर हात धुऊन वर गेले. जाताना माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाले, "नडतेस की गं चांगली!"

मुजावर तिसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला. वरातीत त्यानं चार तास ट्रंपेट वाजवला आणि दाढेनं हूं की चूं केलं नाही. त्यातला अर्धा पेढा मी खाल्ला. गोड लागला, खोटं कशाला सांगू?

मग महावीर जयंती आली, गेली. मिरवणूक छान झाली. मी आठवण केली तर धाकट्या मुलीचं बाळंतपण आलं होतं, ती माहेरी यायची होती. बारसं झालं. मी पुन्हा आठवण केली तर ते म्हणाले, "तुझं समाधान करतो, थांब," आणि त्या दिवसापासून डाव्याऐवजी उजव्या हाताच्या बोटानं फिल्म धरायला लागले! वर मलाच विचारलं, "आता झालं समाधान?" पुढं पाऊस, मग पर्युषण, उपास, पूजा. मिरज आमच्याकडून अर्ध्या तासावर. माणसं तिथं दुधाच्या गाडीत बसून जाऊन येतात. आजचं मरण उद्यावर ढकलायला मात्र अर्धा तासही लांब पडतो.

आणि मी? मी दाबत राहिले. एकदा दाबलं की पुन्हा नाही म्हणायला तोंड राहत नाही, हे मी त्या वर्षी शिकले. आपणच अडवलं, आपणच सोडून दिलं, आता कुठल्या तोंडानं अडवायचं? मूग गिळून मी भिंतीआड उभी राहायची. "दाब" आलं की दाबायची.

दिवाळीत त्यांच्या डाव्या काखेत सुपारीएवढी गाठ आली. मग काकूंनीच त्यांना मिरजेला नेलं. मी बरोबर होते. शिराळकरांनी बोट पाहिलं, काख चाचपली आणि खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "बाबगोंडा, गाढवा, उन्हाळ्याच्या आधी का नाही आलास रे? तेव्हा बोटावर भागलं असतं."

डॉक्टर शर्टाची बटणं लावायला लागले. माझ्याकडं बघितलं नाही. मी मात्र त्या खोलीतल्या फरशा मोजत उभी होते, कारण मान वर केली असती तर मला तिथंच रडू कोसळलं असतं.

बोट गेलं. मग काखेतल्या गाठी काढल्या. मग लाइट द्यायला सुरुवात झाली, आमच्याकडं किरणांच्या या उपचाराला लाइट देणं म्हणतात. तिथंही त्यांची जीभ तशीच. "इथली बाई फार चांगली आहे," मला म्हणाले, "काही न बोलता दाबते." मी हसले. त्यांना वाटत होतं मी हसावं, म्हणून हसले. पुढल्या श्रावणात ते गेले. मला त्यांनी कधी एका शब्दानं बोल लावला नाही.

याला आता तीस वर्षं उलटून गेली. तोच दवाखाना मी चालवते. फिल्म गेली, डार्करूमची कोठी झाली. तोंडात छोटा सेन्सर ठेवला की समोर पडद्यावर मूळ दिसतं, आणि किरण पूर्वीपेक्षा कितीतरी कमी लागतात. सेन्सर होल्डरमध्येच बसतो. ज्याला ओकारी येते त्याला मी घसा बधिर करायचा फवारा मारते, नाकानं श्वास घ्यायला लावते, पाय वर उचलायला लावते, अर्धा तास थांबते, दुसऱ्या दिवशी बोलावते. बोट कुणाचंच आत जाऊ देत नाही. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरी मागं मला नावं ठेवतात, मला माहीत आहे. बाई बटण दाबायच्या आधी सगळ्यांची बोटं बघतात, म्हणतात. बघते. पेशंटची, त्यांची, माझी. सगळी बाहेर आहेत ना ते बघते आणि मग भिंतीआड जाते.

आणि तिथं गेल्यावर आतून आवाज येतो. भरदुपारी, पेशंट खुर्चीत, पोरगी माझ्या शेजारी, आणि आतून हळू, समजुतीच्या आवाजात कुणीतरी म्हणतं, "दाब." मी भित्री नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण माझा अंगठा त्या बटणावर तसाच थांबतो, इतका की कधी कधी पेशंटच विचारतो, "झालं का हो?" मला भीती वाटते. एवढ्या वर्षांनीही वाटते.

शिराळकरांनी मला पुढं समजावलं होतं. चाळीस वर्षांत बोटाला लागायचं ते लागून गेलं होतं, तुझ्या त्या चार फोटोंनी तीळभर फरक पडला नाही. खरंच आहे ते. डॉक्टर म्हणून मला ते पटतं. फोटोंचं मी केव्हाच मनातून काढलं असतं. पण डॉक्टर गेल्यावर तीन आठवड्यांनी मी काकूंना भेटायला गेले.

आधी जायचा धीरच झाला नव्हता. काकू माडीवर खिडकीशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून सूप बाजूला ठेवलं. "ये की गं. किती वाट बघायची तुझी?"

त्यांनी दूध गरम करून आणलं, पेला माझ्यापुढं ठेवला. शेवटी मी म्हणाले, "काकू, मी ते बटण दाबायला नको होतं."

"अगं वेडे," त्या म्हणाल्या. "तू तीन-चार वर्षं दाबलंस. मी अकरा वर्षं दाबलं. मला तर कधी सुचलंच नाही, नाही म्हणायचं. तू म्हणालीस तरी."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ह्यांनीच की. त्या मुजावरच्या दिवशी. जेवायला बसले ते हसतच. म्हणाले, 'पद्मा, आज पोरगी नडली. बोट मिरजेला दाखवा म्हणून हटून बसली.' मी म्हटलं, ती म्हणते तर उद्याच जाऊया. सकाळी सातची एस्टी आहे. ह्यांनी मान हलवली. मी ताटं उचलून लगेच खाटेखालची बॅग काढली, दोघांचे दोन-दोन कपडे घातले."

मला ही बॅग ठाऊक नव्हती. मी विचारलं, "मग?"

"मग हात पुसत आले आणि बॅग बघून म्हणाले, 'राहू दे गं.' म्हटलं, का? तर म्हणाले, 'नाही नाही म्हणाली, पण शेवटी दाबलं की तिनं. एकदा नव्हे, चारदा. मुंबईला शिकलेली पोरगी आहे, पुस्तकातलं सगळं पाठ. खरंच तसलं काही असतं तर तिनं दाबलं असतं होय?'"

काकूंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"मलाही पटलं बघ ते," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर फार विश्वास होता गं त्यांचा. मी कपडे काढून परत कपाटात लावले."

त्या कौतुकानं सांगत होत्या. त्यांच्या बोलण्यात कुठंही टोचणी नव्हती, आणि मला दूध घे, दूध घे म्हणत होत्या. मी पेला उचलला. सगळं दूध संपेपर्यंत मी तो तोंडापासून खाली घेतला नाही, कारण खाली घेतला असता तर मला काहीतरी बोलावं लागलं असतं.